दुधाची दाढ काढून टाकली, आता सुळा वर चढला : वाकडे दात येतात तरी कुठून?

वऱ्हाडी_गुरुजी | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आरोग्याच्या विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. मुलगी ११ वर्षांची. गेल्या दिवाळीपासून तिचा वरचा उजवा सुळा हिरडीच्या पार वरून, ओठाच्या आतून डोकवायला लागला. दातावर दात. माझ्या आईच्या मते हे भाग्याचं लक्षण. वर्गातल्या पोट्ट्यांच्या मते ती 'दताळं'. (बाहेरगावच्यांसाठी: शेतातला काडीकचरा ओढायचं दातेरी अवजार.) आता फोटो काढायचा म्हटलं की पोरगी ओठ घट्ट मिटून उभी राहते.

मागच्या महिन्यात तिला सावंगीच्या दंत महाविद्यालयात नेलं. तिथं दातांचे माप घेऊन प्लास्टरचे वरचे-खालचे जबडे केले आणि माझ्याच हातात दिले. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "उजवीकडची दुधाची दाढ लवकर काढली होती का?"

काढली होती. साडेपाच वर्षांची असेल तेव्हा. दाढ किडली, गाल सुजला, रात्रभर लेकरू रडलं. सकाळी जवळच्या गावातल्या एका दवाखान्यात नेलं तर तिथले गृहस्थ म्हणाले, "दुधाचा दात हाय गुरुजी, पडणारच हाय. ठेवता कायले?" दोन मिनिटांत काढून हातात दिला. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर आईनं तो शेणाच्या गोळ्यात घालून कवेलूवर फेकला. विषय संपला असं वाटलं.

साच्यावर दोन्ही बाजू शेजारी-शेजारी पाहिल्या. डावीकडची मोठी दाढ जिथल्या तिथं. उजवीकडची जवळजवळ अख्ख्या दाताएवढी पुढं सरकून बसलेली. सुळ्याला जागाच उरली नाही, म्हणून तो वरच्या माळ्यावर.

आता माझा प्रश्न. सगळ्यांचे दात याच कारणानं वाकडे होतात का? माझ्या चुलतभावाच्या पोरांचे दात कुणीच काढले नाहीत, तरी आडवेतिडवेच. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला बोर पुढच्या दातांनी तोडता येत नाही. वरचे-खालचे दात एकमेकांना लागतच नाहीत. बोर कडेला दाढेकडे नेऊन फोडतो. जाणकारांनी लिहावं.

आडवा_तिडवा | रविवार, रात्री ९:३०

गुरुजी, वरचे दात आधी आले तर मामाला जड असतं म्हणतात. माझे वरचेच आधी आले होते. मामा ८१ वर्षांचा आहे आणि अजून माझ्याकडून उसने पैसे नेतो. तेव्हा भाग्यबिग्य सोडा.

अक्कलदाढ | रविवार, रात्री १०:५५

गुरुजी, मी दंतवैद्य आहे. नागपूरला शिकले, आता वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखे पालक रोज समोर बसतात.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना आपण? दुधाचा दात म्हणजे तो रुमाल. खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी त्यानं जागा धरलेली असते. रुमाल लवकर उचलला की शेजारचा सरकून ऐसपैस बसतो, आणि ज्याची जागा होती तो दांड्याला लोंबकळतो. तुमच्या लेकीचा सुळा लोंबकळतोय.

यात सगळ्यात मोठी गफलत होते ती सहाव्या वर्षाच्या दाढेची. साधारण सहा वर्षांचं लेकरू झालं की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळं आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी सोडून देतात. ती जन्मभराची दाढ आहे! आणि तिच्या पुढं दुधाची दाढ नसेल तर ती पुढं घसरते. तुमच्याकडं दाढ काढली साडेपाचला, म्हणजे मोठी दाढ हिरडीतून वर यायच्या ऐन तोंडावर. घसरायला मोकळं रान मिळालं.

वरचा सुळा येतो ११-१२ व्या वर्षी, आजूबाजूचे बहुतेक दात आधीच बसलेले असताना. पंगतीत उशिरा आलेल्याला पाट कुठला? म्हणून बाहेर ढकललेला दात बहुतेक वेळा वरचा सुळाच असतो.

साडेपाचला काय करता आलं असतं? दाढ वाचण्यासारखी असती तर दुधाच्या दाढेचंही रूट कॅनॉल करून वर टोपी बसवता येते. काढावीच लागली असती तर त्या जागेत तारेची एक छोटी कडी बसवतात, पक्का दात येईपर्यंत जागा धरून ठेवायला. फार मोठं काम नाही ते. नंतरच्या तारांच्या खर्चापुढं तर काहीच नाही.

पण सगळा दोष त्या दाढेवर टाकू नका. चुलतभावाच्या पोरांचं कारण वेगळं असणार. दाताचा आकार आणि जबड्याचा आकार हे दोन्ही आईबापांकडून मिळतात, आणि दोन्ही एकमेकांना साजेसेच मिळतील असं नाही. दात रुंद, जबडा अरुंद, की गर्दी झालीच. उलटं झालं की फटी.

बोरवाल्या मुलाबद्दल एक विचारते. अंगठा चोखतो का? किंवा गिळताना जीभ दातांच्या मधून बाहेर येते का?

कापूसकोंड्या | सोमवार, सकाळी ७:०५

रुमालाचं उदाहरण एक नंबर जी ताई. आमच्या वणी-मारेगाव गाडीत तर रुमालावरून मारामाऱ्या पाहिल्या.

माझा प्रश्न घराण्याचा. आमच्या घरी आजा, बाप, मी, सगळ्यांचा खालचा जबडा पुढं. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांच्या पुढं येतात. गावात आमची ओळखच ती. पोरगा आठ वर्षांचा आहे, त्याचंही तसंच दिसून राहिलं. हे काय अंगठा चोखून झालं का? तीन पिढ्यांनी मिळून चोखला काय?

शेवंता_हिंगणघाट | सोमवार, सकाळी ११:४०

अंगठ्यावर मला लिहायचंय, आमच्या घरी ते प्रकरण दोन वर्षं चाललं.

माझा धाकटा सात वर्षांचा होईपर्यंत चोखायचा. झोपताना तर हमखास, आणि टीव्ही बघतानाही. उजव्या अंगठ्याच्या गाठीवर घट्टा पडला होता, नख पांढरं, भिजून सुरकुतलेलं. सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटून लावला. तिखट लावून पाहिलं, तर झोपेत डोळ्याला हात लागून सगळं घर रात्री दोनला जागं. पट्टी बांधली, ती दातानं सोडवायचा. ओरडलो, चिडवलं, चारचौघांत लाजवलं. तेव्हा लपून चोखायला लागला, बाकी काही नाही.

शेवटी दातांच्या डॉक्टरांनी त्याच्याशीच बोलून घेतलं, आम्हाला बाहेर बसवून. काय बोलले देवाला ठाऊक. त्यानंतर रात्री हातात जुना पायमोजा घालून झोपायचा, तोही स्वतः मागून, आणि कॅलेंडरवर न चोखलेल्या दिवसावर स्वतःच टिकली मारायचा. दोन महिन्यांत सुटला. दात मात्र तोवर पुढं आले होते, वरचे आणि खालचे यांच्यात माझं करंगळीचं पेर जाईल एवढी फट. ती पुढं बरीचशी आपोआप भरली. पूर्ण नाही.

अक्कलदाढ | सोमवार, रात्री १०:२०

शेवंताताई, त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. तिखट-कडुनिंबाचे किस्से मी दर आठवड्याला ऐकते.

चौथ्या वर्षापर्यंत अंगठ्याची फार चिंता करू नका, बहुतेक लेकरं तोवर आपसूक सोडतात. पुढचे पक्के दात यायला लागले आणि सवय टिकून असली की मग बिघाड बसतो. जोर किती यापेक्षा वेळ किती हे महत्त्वाचं. दात हाडात काँक्रीटमध्ये गाडल्यासारखा नसतो. त्याच्याभोवती मऊ दोऱ्यांची गादी असते. हलकासा पण सलग दाब तासन्‌तास पडला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. तारा लावून आम्ही हेच करतो, महिन्याला सुमारे १ मिलिमीटर. रात्रभर तोंडात राहिलेला अंगठा तेच काम फुकटात करतो, फक्त उलट्या दिशेनं. वरचे दात पुढं ढकलतो, खालचे आत दाबतो. आणि जीभ खाली दबलेली असल्यानं गाल वरच्या जबड्याला दोन्हीकडून आत चेपतात, टाळू अरुंद आणि खोल होतो.

गुरुजी, तुमचा बोरवाला मुलगा याच जातीतला असावा. अंगठा सुटला तरी त्या फटीत जीभ घालून गिळायची सवय राहते आणि फट भरत नाही.

कापूसकोंड्या भाऊ, तुमचं प्रकरण खरंच घराण्याचं. खालचा जबडा पुढं असणं हा आनुवंशिकतेचा सगळ्यात ठळक प्रकार. पण लेकरू आठ वर्षांचं आहे, म्हणजे हीच वेळ. या वयात वरचा जबडा पुढं आणण्यासाठी चेहऱ्यावर घालायचा एक मुखवट्यासारखा पट्टा असतो, घरी असताना आणि रात्री लावायचा. काही मुलांत चांगला फरक पडतो. वय निघून गेलं तर मग वाढ थांबेपर्यंत थांबायचं, मुलग्यांमध्ये १८ च्याही पुढं, आणि जबड्याची शस्त्रक्रिया. मात्र आधी तपासून घ्या, कधी कधी फक्त पुढचे दोन दात उलटे अडकलेले असतात आणि जबडा बरोबर असतो.

पुण्यात_पण_अकोटचा | सोमवार, रात्री ११:०२

हा जबडा राजघराण्यांतही होता. युरोपच्या हाब्सबर्ग घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्नं झाली आणि जबडा पुढं-पुढं येत गेला. स्पेनचा दुसरा चार्ल्स, १७०० साली वारला, त्याला नीट चावता येत नसे म्हणतात. कापूसकोंड्या, तुम्ही थोर परंपरेतले आहात.

बाकी ते मेविंगचं काय? यूट्यूबवर पोरं जीभ टाळूला चिकटवून जबडा 'कोरून' काढतात. माझा पुतण्या दिवसभर मौनात असतो त्यापायी.

कापूसकोंड्या | मंगळवार, सकाळी ६:५०

राजाले चावता येत नव्हतं तरी राज्य होतं. आमच्याकडं चार एकर कोरडवाहू आहे.

ताई, पोट्ट्याले या महिन्यात नेतो. मुखवट्याबद्दल कुणीच कधी बोललं नव्हतं.

अक्कलदाढ | मंगळवार, दुपारी १:१५

मेविंग: जीभ टाळूला ठेवणं, नाकानं श्वास घेणं, यात वाईट काही नाही. पण त्यानं मोठ्या माणसाचा जबडा बदलतो किंवा वाकडे दात सरळ होतात याला भक्कम पुरावा नाही. पुतण्या गप्प बसतो हा घरच्यांचा फायदा समजा.

रामेश्वर_आजोबा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

नातवानं खातं उघडून दिलं, तोच टाइप करून राहिला, मी सांगून राहिलो.

आमच्या काळी गावात वाकडे दात होते का? होते, पण एवढे नव्हते. आम्ही सकाळी ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊन वावरात जात होतो. ऊस दातानं सोलत होतो. चणे-फुटाणे खिशात. आता नातू सकाळी चहात टोस बुडवते, दुपारी मॅगी, रात्री भात. चावाचं काय कामच नाही राहिलं. जबडा वाढन कसा? वावरात ज्वारीच नाही राहिली बापा, सगळा कापूस न सोयाबीन.

अक्कलदाढ | मंगळवार, रात्री १०:४०

आजोबा, तुम्ही बोललात त्यात तथ्य आहे, आणि ते आम्हालाही शिकवतात. प्राचीन माणसांच्या कवट्यांत जबडे रुंद, दात झिजून सपाट झालेले आणि अक्कलदाढेलाही बहुतेक जागा असायची. कडक खाणं चावून वाढत्या जबड्याला ताण मिळतो. मऊ खाण्यात तो मिळत नाही. हे एकमेव कारण नाही, पण एक कारण आहे.

टोसचा दुसरा मार साखरेचा. चहात भिजलेला टोस-बिस्कीट दाढेच्या खाचेत लापशीसारखा बसून राहतो. दाढ किडते, लवकर काढावी लागते, आणि गोष्ट परत गुरुजींच्या कवेलूवर जाते.

पण एकदा दात वाकडे आल्यावर आता भाकर खाऊ घालून ते सरळ होतील, अशी आशा ठेवू नका. वाढत्या वयातली गोष्ट ती.

वऱ्हाडी_गुरुजी | बुधवार, सकाळी १०:०५

धागा एवढा चालेल असं वाटलं नव्हतं. बोरवाल्या मुलाच्या आईशी बोललो. अंगठा तिसरीपर्यंत चोखत होता. आणि एक गोष्ट कळली: रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो. वर्गातही तोंड उघडंच असतं. मी आजवर त्याला लक्ष नसलेला समजत होतो. हेडमास्तरांसमोरही तसंच बोललो होतो. वाईट वाटलं.

कापूसकोंड्या | बुधवार, दुपारी २:१०

गुरुजी, त्याच्या घरी कापूस भरून ठेवला असन पहा. भाव वाढन म्हणून आमच्याकडं तर फेब्रुवारीपर्यंत माजघरात छतापर्यंत गंजी असते आणि लेकरं तिथंच झोपतात. अंगाले खाज, नाक बंद, रात्रभर शिंका. बायको दरसाल म्हणते इकून टाका. भाव ऐकला की मीच गप्प बसतो.

अक्कलदाढ | बुधवार, रात्री ९:५०

भाऊ, हा मुद्दा कुठल्याही पुस्तकात मिळाला नसता. नाक सतत बंद असणारं लेकरू तोंडानं श्वास घेतं. तोंडानं श्वास घेताना जीभ खाली उतरते, वरच्या जबड्याला आतून आधार राहत नाही. त्यातून अरुंद टाळू आणि पुढं आलेले दात दिसतात. किती प्रमाणात, यावर तज्ज्ञांत वाद आहेत, पण नाक उघडं करणं फायद्याचंच. घोरणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं न्या. नाकाच्या मागं वाढणाऱ्या गाठी, ॲडिनॉइड, या वयात मोठ्या असू शकतात. नाक बंद ठेवून नुसत्या तारा लावल्या तर काम टिकत नाही. तसं लेकरू दिवसा पेंगतं, वर्गात लक्ष लागत नाही. गुरुजी, तुमची चूक नाही, बहुतेकांना हे माहीत नसतं.

मोहफूल | गुरुवार, सकाळी ८:३०

गडचिरोलीकडून. माझ्या भाच्याचा जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेला होता. सगळं गाव बहिणीला म्हणे, ग्रहणात विळीनं भाजी चिरलीस. ती बिचारी वर्षभर ग्रहणाचे दिवस मोजत बसली, त्यात एकही ग्रहण निघालं नाही, तरी मनातून गेलं नाही.

ओठाचं ऑपरेशन तीन-चार महिन्यांचा असताना झालं, टाळूचं वर्षाचा झाल्यावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत आली होती, त्यातल्या डॉक्टरांनी पुढं पाठवलं, पैसा लागला नाही. आम्हाला वाटलं सुटलो. आता तो नऊ वर्षांचा, आणि दात सगळे वाकडे. फटीच्या जागी एक दातच नाही. वरचे दात आत, खालचे बाहेर. हे ऑपरेशन चुकलं म्हणायचं का?

अक्कलदाढ | गुरुवार, दुपारी १:३०

नाही, चुकलं नाही. असं होतंच. दुभंग असलेल्या जागेचा बाजूचा दात अनेकदा तयारच होत नाही किंवा वेडावाकडा होतो. आणि टाळू शिवल्यावर जी वणाची कातडी होते ती ताठर असते, वरचा जबडा रुंद व्हायला अडवते. म्हणून वरचे दात खालच्यांच्या आत जातात.

नऊ वर्षं हे वय फार मोलाचं आहे. वरचा जबडा रुंद करून हिरडीतल्या फटीत हाड भरतात, साधारण ८ ते ११ च्या दरम्यान, सुळा उतरायच्या आधी. मग सुळ्याला उतरायला हाड मिळतं. वेळ घालवू नका. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा, आणि आधीचे ऑपरेशनचे कागद सोबत ठेवा. शाळेत बाल स्वास्थ्यची गाडी वर्षातून एकदा येते. १८ वर्षांपर्यंत ती सोय आहे, त्यांच्याकडून संदर्भपत्र घेतलं तर सोपं पडतं.

आणि बहिणीला सांगा, ग्रहणाचा काही संबंध नाही. आईच्या पोटात पहिल्या दोन-अडीच महिन्यांत चेहऱ्याचे भाग जुळायचे असतात, ते राहून जातं. विळीनं नाही होत.

पांढरकवडा_एक्सप्रेस | गुरुवार, रात्री ८:०५

आमच्या भागात पोरांचे दात पिवळे-तपकिरी, रेघोट्या पडलेले. पाण्यात फ्लोराईड. वाकडे पण आहेत. पाण्यानंच वाकडे होतात असं सगळे धरून चालतात.

अक्कलदाढ | गुरुवार, रात्री १०:१०

डाग फ्लोराईडचे, वाकडेपणा फ्लोराईडचा नाही. यवतमाळ, चंद्रपूर पट्ट्यात बोअरच्या पाण्यात ते जास्त सापडतं. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. लहानपणी दाताचं कवच तयार होताना जास्त फ्लोराईड गेलं की कवच खराब होतं. दाताची जागा त्यानं बदलत नाही. एक अडचण मात्र खरी: अशा कवचावर तारांचे खडे (ज्यांत तार अडकवतात ते) नीट चिकटत नाहीत, सारखे निघतात. आम्हाला जास्त घासावं लागतं.

सोडलेला_खर्रा | शुक्रवार, सकाळी ९:२०

लहान मुलांच्या धाग्यात घुसतो, माफी असावी. वय ४३. लग्नात दात सरळ होते, फोटो साक्षीला आहेत. आता वरचे चार पंख्यासारखे उघडलेत, मध्ये फटी. २० वर्षं खर्रा (सुपारी-तंबाखू) खाल्ला, दिवसाला आठ-दहा. दोन वर्षं झाली सोडून. तारा लावून बंद होतील का?

अक्कलदाढ | शुक्रवार, दुपारी १२:४५

सोडलात त्याबद्दल आधी अभिनंदन, ते सगळ्यात अवघड काम होतं.

मोठेपणी पांगलेल्या दातांचं कारण बहुतेक हिरडीखाली असतं. हाड झिजलं की दाताची पकड सैल होते, आणि जिभेचा रोजचा दाबही त्याला बाहेर लोटायला पुरतो. आधी हिरड्यांचे उपचार, मग तारांचा विचार. आजारी हिरडीवर तारा ओढल्या तर दात हातात येतील.

आणि आत्ता घरी एक करा. तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. जात नसतील, गाल आतून पांढरट-ताठर लागत असतील, तिखटानं आग होत असेल, तर आधी त्यासाठी दाखवा. सुपारीनं तोंड आखडत जातं आणि त्यातून कर्करोगाचा धोका असतो. फटी थांबू शकतात, हे थांबू नये.

सोडलेला_खर्रा | शुक्रवार, दुपारी १:०५

अडीच जातात. सोमवारी नागपूर.

तारवाली_पोट्टी | शुक्रवार, रात्री ११:३०

माझं पण लिहिते, कोणाच्या कामी आलं तर.

अकरावीत तारा लावल्या, पावणेदोन वर्षं. दर महिन्याला पुलगावहून एसटी, जाऊन-येऊन दिवस जायचा. दात झकास सरळ झाले. तारा काढल्यावर डॉक्टरांनी पारदर्शक साचा दिला, रोज घालायचा. होस्टेलच्या मेसमध्ये जेवताना काढून कागदात गुंडाळला आणि ताटासोबत कचऱ्यात गेला. घरी सांगायची हिंमत नाही झाली, नवीन केला नाही. दीड वर्षात खालचे पुढचे दात परत एकमेकांवर चढले. बाबांनी सोयाबीन विकून भरलेले पैसे होते ते.

आणि माझ्या मावसबहिणीचं तर याहून वाईट. लग्न ठरलं, दोन महिने हातात. एका दवाखान्यात सांगितलं, तारांना वेळ लागतो, आपण १५ दिवसांत सरळ करून देतो. पुढचे चार चांगले दात घासून खुंट केले आणि वर टोप्या बसवल्या. लग्नाच्या फोटोत मस्त दिसते. आता त्यातल्या दोन दातांचं रूट कॅनॉल झालंय.

अक्कलदाढ | शनिवार, सकाळी ७:४०

पोट्टी, तू हे लिहिलंस ते बरं केलंस. दात सरळ झाल्यावर भोवतीच्या दोऱ्या आणि हाड स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून तो साचा. नवा करून घे, थोडं सरकलं असेल तर कमी कामात परत आणता येतं.

दर महिन्याच्या फेऱ्यांचा विचार तारा लावायच्या आधी करा, हे सगळ्यांना सांगते. कापूस वेचणीच्या दिवसांत येणं बंद, मग चार महिन्यांनी येतात तर खड्यांभोवती कीड. अर्धवट तारांपेक्षा न लावलेल्या बऱ्या.

नवी_आई_आर्वी | शनिवार, दुपारी ४:००

घाबरून विचारते. मुलगा सहाचा. खालचे दुधाचे दात पडलेच नाहीत आणि मागून नवे दोन आले. दोन रांगा! शार्कसारखं दिसतंय. लगेच काढून टाकू का?

अक्कलदाढ | शनिवार, रात्री ९:१५

श्वास घ्या ताई. खालच्या पुढच्या दातांत हे फार सर्रास दिसतं. पुढचा दुधाचा दात हलतोय का ते बघा. हलत असेल तर त्यालाच गाजर, पेरू, भाकर चावू द्या. पडला की जीभ मागच्याला हळूहळू पुढं ढकलते. हलतच नसेल, महिना-दोन महिने तसाच घट्ट, तर दाखवा. इथं काढणं योग्य ठरतं, कारण खालचा दात हजर झालाय. रुमालवाला स्वतःच येऊन उभा आहे, आता रुमाल उचलायला हरकत नाही.

आणि सात ते अकराच्या दरम्यान वरच्या दोन दातांत फट पडून ते बाहेर झुकलेले दिसतात, त्यालाही लगेच तारा नकोत. सुळे उतरताना फट पुष्कळदा आपोआप मिटते. त्या वयात दिसायला सगळेच जरा विचित्र दिसतात, जुने फोटो काढून बघा स्वतःचे.

वऱ्हाडी_गुरुजी | रविवार, रात्री ९:४०

आठवडा झाला. बोरवाल्या मुलाला यवतमाळला नाकाच्या डॉक्टरकडं नेलं, गाठ मोठी आहे म्हणाले, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. वर्गात त्याला पुढच्या बाकावर घेतलं.

लेकीच्या तारा या महिनाअखेर. दाढ मागं सरकवून जागा करता येते का ते आधी पाहणार, नाहीतर एक उपदाढ काढावी लागेल म्हणाले.

धाकटा सहाचा आहे. काल टॉर्च घेऊन पाहिलं तर मागं नव्या दाढेचं पांढरं टोक हिरडीतून निघालंय. त्याच्या पुढची दुधाची दाढ किडलेली, काळा ठिपका. उद्याच भरायला नेतोय. आई म्हणाली, "दुधाची हाय ना रे ते?" मी म्हटलं, हो माय, म्हणूनच.

ताई, एक शेवटचं. पोरीचा प्रश्न आहे. हुरड्याचे दिवस येऊन राहिले, तारा असताना हुरडा चालतो का?

अक्कलदाढ | रविवार, रात्री १०:०२

हुरडा चालतो, मऊ असतो. ऊस दातानं सोलायचा नाही, फुटाणे आणि खारे शेंगदाणे नाही, बोर कापून. आणि खाल्ल्यावर ब्रश. खड्यांत अडकलेला हुरडा मी एकदा तिसऱ्या दिवशी काढलाय.

आडवा_तिडवा | रविवार, रात्री १०:०९

हुरडा पार्टी कुठं आहे गुरुजी?